तात्यासाहेबांचं देणं

फेब्रुवारी संपत आला की आमच्या कॉलेजला एकदम मराठी आठवते. एरवी वर्षभर जर्नल, सबमिशन, व्हायवा आणि एटीकेटी एवढंच बोलणारे आम्ही 27 तारखेला फेटे बांधतो, नऊवारी नेसतो, ग्रंथदिंडी काढतो. गेटवर फ्लेक्स लागतो. फ्लेक्सवर चष्मा लावलेले, शांत चेहऱ्याचे एक आजोबा असतात. त्यांच्या फोटोला हार घातला जातो, भाषणं होतात, वडापाव वाटले जातात आणि 28 तारखेला आम्ही परत आमच्या हिंग्लिशमध्ये रुजू होतो.

मित्रांनो, यात वाईट काही नाही. वर्षातून एक दिवस तरी आठवण होते हे काय कमी आहे? पण गेल्या वर्षीच्या 27 फेब्रुवारीला जे झालं, ते माझ्या मनातून जात नाही. म्हणून हा लेख.

कार्यक्रमात कुसुमाग्रजांची 'कणा' म्हणायची असं ठरलं होतं. पुरात सगळं वाहून गेलेला एक जुना विद्यार्थी आपल्या सरांना भेटायला येतो, ती कविता. बहुतेकांना ती शाळेपासून पाठ आहे. माझ्या रूममेटला तर इतकी पाठ आहे की रात्री लाइट गेले की ती अंधारात म्हणते आणि आम्ही सगळ्या गप्प होऊन ऐकतो. ती सुरगाणा तालुक्यातली. आश्रमशाळेत शिकली. घरी कोकणा बोलतात. तिनं नाव दिलं, रिहर्सलला उभी राहिली आणि दुसऱ्याच ओळीला मागच्या बाकावर खसखस पिकली. कारण काय, तर तिच्या तोंडून 'ण' चा 'न' झाला! मग कमिटीतल्या कुणीतरी, अगदी गोड आवाजात, "जरा शुद्ध बोलणारी कुणी बघू या का?" असं सुचवलं.

कमिटीत मीही होते. मी काही बोलले नाही. उलट ती कविता माझ्याकडे आली आणि मी ती घेतली.

आता माझी 'शुद्धता' सांगते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत मराठी बोललं तर एक रुपया दंड असायचा. दहावीपर्यंत मी 'एकोणसत्तर' आणि 'एकोणऐंशी' यांत गोंधळायचे, अजूनही गोंधळते. कुसुमाग्रजांचं एकही पुस्तक मी वाचलेलं नव्हतं. पण माझे उच्चार 'स्वच्छ' होते, बस्स. रूममेट मला म्हणाली, "तूच म्हन गं, तुझे न चांगले आहेत." आणि 27 तारखेला सकाळी तिनंच माझ्या नऊवारीच्या निऱ्या पिनअप करून दिल्या. मी कविता म्हटली. टाळ्या मिळाल्या, सर्टिफिकेट मिळालं. ते अजून फाइलमध्ये आहे. फाइल उघडायला नको वाटतं.

त्या शनिवारी मी एसटीने घरी गेले. माझं घर पिंपळगाव बसवंतला. नाशिकपासून साधारण तीस किलोमीटर, मुंबई-आग्रा महामार्गावर. द्राक्षं, टोमॅटो, कांदा आणि टोलनाका या चार गोष्टींसाठी आमचं गाव सगळ्यांना माहीत. घरी आजीला सर्टिफिकेट दाखवलं. ती म्हणाली, "तात्यासाहेबांची कविता म्हटलीस होय? चांगलं केलंस. आपल्या गावातच वाढले ते." मी चाट! ज्या माणसाच्या फोटोला मी हार घातला, तो लहानपणी माझ्याच गावात राहत होता हे मला विसाव्या वर्षी कळलं. टोलनाका माहीत होता, हे माहीत नव्हतं.

मग मात्र मी वाचायला बसले. आधी आजीच्या कपाटातली 'विशाखा', मग लायब्ररीतलं जे मिळेल ते. आणि माझ्या लक्षात आलं की फ्लेक्सवरचे ते आजोबा आम्हाला पुरते कळलेलेच नाहीत.

विष्णु वामन शिरवाडकर. जन्म 27 फेब्रुवारी 1912, पुण्याचा. मूळ नाव गजानन रंगनाथ. काकांकडे दत्तक गेले आणि नाव बदललं. दत्तक वडील पिंपळगाव बसवंतला वकिली करत, म्हणून बालपण आणि प्राथमिक शाळा इथली. सहा भाऊ आणि एक धाकटी बहीण, कुसुम. तिचा मोठा भाऊ, म्हणजे अग्रज, म्हणून 'कुसुमाग्रज'! जगभरच्या लेखकांनी काय काय टोपणनावं घेतली असतील. या माणसानं धाकट्या बहिणीचं नाव आधी ठेवलं आणि स्वतःला तिच्या मागे उभं केलं. माझ्या मते त्यांचं पहिलं देणं हेच. हायस्कूलसाठी ते नाशिकला गेले, पुढे एचपीटी कॉलेजात शिकले. कॉलेजात असतानाच त्यांच्या कविता छापून यायला लागल्या.

आणि आता ती गोष्ट, जी वाचून मी पुस्तक मिटून बसून राहिले.

2 मार्च 1930 ला नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. अस्पृश्य मानलेल्या माणसांना देवळाचं दार उघडं व्हावं, एवढीच मागणी होती. दादासाहेब गायकवाडांसारखे कार्यकर्ते तो पुढे वर्षानुवर्षं लढवत राहिले. 1932 मध्ये शिरवाडकर त्या मागणीच्या बाजूनं सत्याग्रहात उतरले. तेव्हा त्यांचं वय किती होतं? वीस वर्षं. म्हणजे माझंच वय. ज्या समाजासाठी ते दार आपोआप उघडं होतं, त्या समाजात जन्मलेला एक कॉलेजातला मुलगा, दाराबाहेर ठेवलेल्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

आणि मी विसाव्या वर्षी काय केलं? मागच्या बाकावर हशा पिकला तेव्हा गप्प बसले. दार माझ्यासाठी उघडं होतं, मी आत गेले, आणि माझ्या मागे ते बंद झालं तरी वळून पाहिलं नाही.

कुणी म्हणेल, काळारामाचं दार कुठे आणि गॅदरिंगची कविता कुठे! मान्य. त्या लढ्याशी आमच्या कार्यक्रमाची बरोबरी करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण एवढं मात्र खरं की दार बंद करण्याची सुरुवात लहान लहान गोष्टींपासून होते. त्या रिहर्सलनंतर माझी रूममेट वर्गात प्रश्न विचारेनाशी झाली. इंग्रजीत विचारायला तिला आधीच भीती वाटायची, आता मराठीत विचारायलाही वाटते. म्हणजे एक दार इंग्रजीनं बंद केलं होतं, दुसरं आम्ही मराठीच्या नावानं केलं. तेही मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्तानं! आणि गंमत बघा, ज्या पिंपळगावात तात्यासाहेब वाढले, तिथल्या बाजार समितीत आजही लोक 'पानी'च पितात. त्यांनी काही मराठीचा गौरव कमी केलेला नाही.

असो. तात्यासाहेबांकडे परत येते.

आपल्याला वाटतं, एवढा मोठा कवी म्हणजे पहिल्यापासून सगळं सुरळीत असणार. तसं काही नाही. पदवी घेतल्यावर ते नाशिकच्या गोदावरी सिनेटोन या चित्रपट कंपनीत गेले. 'सती सुलोचना'ची पटकथा लिहिली, त्यात लक्ष्मणाचं कामही केलं. चित्रपट चालला नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर पहिल्याच प्रोजेक्टला केटी लागली. मग पुण्या-मुंबईत वर्तमानपत्रांची नोकरी. 'प्रभा', 'प्रभात', 'सारथी', 'धनुर्धारी', 'नवयुग' अशी एकामागून एक नावं. हे गाव, ते गाव, हे ऑफिस, ते ऑफिस. फिरलेला माणूस तो. आणि जिथे पाय गेले नाहीत तिथे मन जायचं. कोलंबसाच्या जहाजावर बसून कविता लिहिली, पृथ्वीला सूर्याच्या प्रेमात पाडलं, शेक्सपिअरचे 'मॅकबेथ' आणि 'ऑथेल्लो' मराठीत आणले, कालिदासाचं 'मेघदूत' आणलं. 1964 मध्ये मडगावला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

पण एवढं फिरून माणूस राहिला कुठे? नाशिकला. परत आला आणि शेवटपर्यंत, 10 मार्च 1999 पर्यंत, तिथेच राहिला. सगळ्या गावाचा 'तात्यासाहेब' होऊन राहिला. आजी सांगते, ते गेल्याची बातमी आली तेव्हा आमच्या गल्लीत घरातलंच माणूस गेल्यासारखं झालं होतं. ज्यांनी त्यांचं एक पानही वाचलं नव्हतं, त्यांनाही.

असं का व्हावं? नुसत्या कविता चांगल्या होत्या म्हणून? मला वाटतं, नाही. हा माणूस जे मिळेल ते पुढे देत गेला म्हणून.

याची सुरुवात 1942 मध्ये झाली. त्या वर्षी 'विशाखा' आली. ती कुणी छापली ठाऊक आहे? वि. स. खांडेकरांनी, स्वतःच्या खिशातून पैसे घालून. त्या वेळी खांडेकर नावाजलेले लेखक, आणि शिरवाडकर तिशीतले, नोकऱ्या बदलत फिरणारे पत्रकार. पुढे खांडेकरांना 'ययाति'साठी 1974 चं ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलं. दुसरं मिळालं 1987 चं, कुसुमाग्रजांना. ज्यानं हात दिला तो आणि ज्याला दिला तो, दोघंही त्याच पायरीवर! कुणीतरी आपल्यावर विश्वास टाकून पैसे घालतं म्हणजे काय, हे तात्यासाहेबांनी अनुभवलं होतं. मला वाटतं, ते विसरले नाहीत.

1950 मध्ये त्यांनी नाशिकला लोकहितवादी मंडळ उभं करण्यात पुढाकार घेतला. जिल्ह्यातल्या आदिवासींसाठी काम उभं केलं. ज्ञानपीठानंतर, 1990 साली, कुसुमाग्रज प्रतिष्ठान सुरू झालं. या प्रतिष्ठानतर्फे दर दोन वर्षांनी जनस्थान पुरस्कार दिला जातो. 1991 मध्ये पहिला मिळाला विजय तेंडुलकरांना. म्हणजे बघा, ज्याला एवढे पुरस्कार मिळाले, त्यानं दुसऱ्या लेखकांना पुरस्कार द्यायची सोय केली!

इथे मला 'नटसम्राट' आठवतं. 1970 मध्ये रंगभूमीवर आलं, डॉ. श्रीराम लागूंनी पहिले बेलवलकर उभे केले, 1974 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी 2016 चा नाना पाटेकरांचा सिनेमा पाहिला असेल. गणपतराव बेलवलकर सगळं काही मुलांना वाटून टाकतात आणि शेवटी डोक्यावर छप्पर राहत नाही. सिनेमा बघून निघताना माझ्या मैत्रिणी म्हणाल्या, "म्हणून कुणाला काही द्यायचं नसतं!" पण हे नाटक लिहिणारा माणूस तसं म्हणाला नाही. देणाऱ्याचं काय होऊ शकतं हे महाराष्ट्राला रडवून सांगितलं, आणि मग वीस वर्षांनी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, प्रतिष्ठान काढलं. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी गोष्ट. देण्यातला धोका पुरता माहीत असूनही देणं.

आणि ते गेल्यावरही हे थांबलेलं नाही. 2009 मध्ये विनायक रानडे यांनी प्रतिष्ठानमार्फत 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना सुरू केली. पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या गटाकडे येते. वाचून झाली की ती पुढच्या गटाकडे जाते, दुसरी येते. वाचकाला पैसे पडत नाहीत. या पेट्या दुबईपर्यंत पोचल्या आहेत. फिरलेल्या माणसाच्या नावानं आता पुस्तकं फिरतायत. आणि योजनेच्या नावातच 'दार' आहे. वाचक दाराशी येईल याची वाट बघायची नाही, आपणच त्याच्या दाराशी जायचं!

आता मुद्द्यावर येते. आमच्या वर्गातले काही जण म्हणतील, "हे सगळं ठीक आहे, पण आपण इंजिनिअर होणार. प्लेसमेंटला जीडी इंग्रजीत असतं. तिथे कुसुमाग्रज काय करणार?" प्रश्न बरोबर आहे. इंग्रजीशिवाय आपलं चालणार नाही हे मलाही माहीत आहे. पण तात्यासाहेब इंग्रजीच्या विरोधात कधी होते? मराठी आणि इंग्रजी हे दोन्ही विषय घेऊन बी.ए. झालेला माणूस तो. इंग्रजी चांगलं येत होतं म्हणून तर शेक्सपिअर मराठीत आला. फरक एवढाच की ते जिथे जिथे गेले, तिथून काहीतरी घरी घेऊन आले आणि ज्यांना तिथे जाता आलं नाही त्यांच्यापुढे ठेवलं. आपण मात्र जातो आणि तिकडचेच होतो.

आम्ही कॉन्व्हेंटवाले आजवर इंग्रजी मिरवायची चीज समजत आलो. खरं तर ती एक किल्ली आहे. आमच्या आईवडिलांनी फी भरली म्हणून ती आम्हाला मिळाली, यात आमचं कर्तृत्व शून्य. थर्मोडायनॅमिक्समधली एन्ट्रॉपी माझ्या रूममेटला कळत नव्हती, कारण पुस्तकातलं वाक्यच कळत नव्हतं. एका रात्री मी ती मराठीत सांगायला बसले. माझी मराठी अर्धी, तिचं इंग्रजी अर्धं. 'पसारा आपोआप वाढतो, आवरायला मेहनत लागते' एवढ्यावर आलो तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे आपली रूम!" आणि मला पहिल्यांदा कळलं की मलाही एन्ट्रॉपी आत्ताच कळली. आजवर नुसती पाठ होती. 2021 पासून एआयसीटीईनं मराठीसकट आपल्या भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिलेली आहे. ती आपल्या वर्गापर्यंत कधी पोचेल ते पोचेल. हॉस्टेलच्या खोलीत मराठीतून समजावून सांगायला मात्र कुणाच्या परवानगीची गरज नाही.

म्हणून माझ्या तीन साध्या सूचना आहेत. स्टाफनं आणि मुलांनीही विचार करावा.

पहिली : परीक्षेआधीचे पंधरा दिवस, रात्री जेवणानंतर तासभर, मेसमध्ये 'मराठीतून समजून घेऊ' असा वर्ग भरवावा. थर्ड इयरनं फर्स्ट इयरला शिकवावं. फी नाही, सर्टिफिकेट नाही, फोटो तर अजिबात नाही.

दुसरी : पुस्तकांची एक पेटी आपल्या हॉस्टेलवर आणायचा प्रयत्न करू. नाहीच जमलं तर प्रत्येकानं घरून एक पुस्तक आणावं, पेटी आपोआप तयार होईल. ती कुलूपबंद कपाटात नको, टीव्ही रूममध्ये ठेवावी. एखादं पुस्तक हरवलं तर हरवलं. कुणीतरी वाचायलाच नेलं असेल ना!

तिसरी : 27 फेब्रुवारीला ज्याला कविता म्हणायची आहे, त्याला म्हणू द्यावी. कोकणा, अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, ज्याची जशी जीभ वळते तशी. 'ण' मोजायला कुणाला बसवू नये.

'देणं' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत हे मला परवा आजीनं सांगितलं. एक, आपण दुसऱ्याला देतो ते. दुसरा, आपण दुसऱ्याचं लागतो ते. किराणावाल्याचं देणं, तसं. तात्यासाहेबांचं देणं म्हटलं की आम्हाला आजवर पहिलाच अर्थ सुचायचा. दुसरा आमच्या नावावर बाकी आहे. हार घालून ती बाकी फिटणार नाही.

यंदाच्या 27 फेब्रुवारीच्या यादीत 'कणा'पुढे पुन्हा माझं नाव लिहून आलं होतं. मी ते खोडलं आणि कागद रूममेटपुढे ठेवला. गेल्या वर्षी गप्प बसले त्याबद्दल सॉरी म्हणाले. तिनं कागद पाहिला, घडी घालून ड्रॉइंगच्या वहीत ठेवला आणि म्हणाली, "बघू."

हो म्हणावं असा हट्ट मी करणार नाही. तो हक्क मी गेल्या वर्षीच घालवला. पण काल रात्री लाइट गेले होते, तेव्हा वर्षभरानं तिनं ती कविता पुन्हा म्हटली. अगदी हळू. तिच्या 'न' सकट. आम्ही सगळ्या गप्प होऊन ऐकत होतो.